वळसंगकर जज्जांची सुट्टी

अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावच्या मराठी मंडळींना एक कोडं आजवर सुटलेलं नाही. गुरुनाथ वळसंगकर, चांगला धडधाकट माणूस, मतं मिळवून निवडून आलेला जज्ज, मुदत संपायला अडीच वर्षं बाकी असताना खुर्ची सोडून घरी का बसला? कोणी म्हणतं, हार्टचं काहीतरी निघालं. कोणी म्हणतं, बायकोला, सुनेत्राला, बर्फाचा कंटाळा आलाय, फ्लोरिडात घर बघतायत. मंडळाचे माजी अध्यक्ष मनोहर देवस्थळी नुसती मान हलवतात आणि म्हणतात, "मला माहीत आहे, पण सांगता येत नाही." हे साफ खोटं. मनोहररावांना काही माहीत असतं तर ते सांगितल्याशिवाय त्यांना घास गिळता आला नसता.

खरी गोष्ट अक्काची आहे. जज्जाची खुर्ची आणि अक्का, दोन्ही आपल्याजवळ राहाव्यात एवढीच गुरुनाथची इच्छा होती. फार मोठी इच्छा नव्हे. पण ती काही पुरी झाली नाही.

अक्का म्हणजे वसुधा, गुरुनाथची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा आणि ती अठराची. सोलापुरात म्युनिसिपालिटीच्या शाळेत ती मास्तरीण झाली, वडिलांची गिरणीतली पाळी सांभाळली, आणि या पोराला वाढवलं. दोन स्थळं सांगून आली होती. दोघांनीही विचारलं, धाकटा भाऊ बरोबर येणार का? ती म्हणाली, येणार. दोघंही विचार करून कळवतो म्हणाले. अजून विचारच करतायत.

गुरुनाथ बहात्तर साली मिनेसोटात आला तो इंजिनिअर म्हणून. थर्मोस्टॅट बनवणाऱ्या कंपनीत सात वर्षं काढली, मग दिवसा नोकरी आणि संध्याकाळी कायद्याचं कॉलेज असं करत वकील झाला. तोही कसला वकील, तर ज्यांना वकील परवडत नाही त्या आरोपींसाठी काउंटी जो पगारी वकील देते, तो. आपल्या डॉक्टर-इंजिनिअर मंडळींना हे सांगायलाही जड जायचं. "ते वळसंगकर ना, ते लॉमध्ये आहेत," असं म्हणून लोक विषय बदलायचे. सुनेत्रा फार्मसिस्ट, म्हणून घर चाललं, असंही म्हणायचे; पण ते जेवून झाल्यावर, गाडीत बसल्यावर.

नव्वद साली तो अमेरिकन नागरिक झाला आणि त्याच आठवड्यात त्यानं बहिणीसाठी अर्ज टाकला. भावंडांची रांग केवढी लांब असते ते ज्यांनी अर्ज टाकलेत त्यांनाच ठाऊक. अक्काचा नंबर लागला तो दोन हजार एक साली. त्यातही सप्टेंबरात न्यूयॉर्कला ते झालं आणि मुलाखत पुढे गेली. शेवटी मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये तिनं बोटांचे ठसे दिले, छातीचा फोटो दिला, उजवा हात वर करून शपथ घेतली, आणि दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत, पासष्टाव्या वर्षी, पायात सुनेत्राचे बूट घालून ती बर्फात उतरली. गुरुनाथ विमानतळावर लहान मुलासारखा रडला. मनोहररावांनी पाहिलंय, त्यामुळे ते सगळ्यांनाच माहीत आहे.

आता जज्जपदाचं. तिकडे जज्जाला लोक मतं देऊन निवडतात, हे आपल्याकडच्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. दोन हजार चार साली काउंटीतले एक म्हातारे जज्ज निवृत्त झाले आणि त्यांच्या जागेसाठी गुरुनाथनं फॉर्म भरला. समोर ओल्सन नावाचा वकील. मिनेसोटात ओल्सन म्हणजे आपल्याकडे पाटील. मतदार अध्यक्षापासून सुरुवात करून मतपत्रिकेच्या तळाशी पोचेपर्यंत दमलेला असतो. तिथं त्याला ओल्सन आणि वळसंगकर अशी दोन नावं दिसली तर हात कुठं वळणार ते सांगायला नको.

मनोहरराव पेटले. मंडळानं प्रचार समिती केली, तिला उपसमिती केली. ऐंशी जण राबले. चार जुलैच्या परेडमध्ये पोरींनी लिमलेटच्या गोळ्या उधळल्या, पोरांनी घरोघरी पत्रकं टाकली. ऐंशीतले मत देऊ शकणारे नागरिक किती, तर अकरा. बाकी सगळे एच-वनवाले नाहीतर ग्रीनकार्डवाले. त्यात उमेदवार असा की कशावर मतच नाही. जज्जाच्या उमेदवारानं आश्वासन द्यायचं नाही, स्वतः वर्गणी मागायची नाही, कुठल्या पक्षाचं नाव घ्यायचं नाही, आणि गुरुनाथ नियमापेक्षा चार बोटं जास्तच पाळणारा.

"अरे, मग भाषणात बोलणार तरी काय?" मनोहररावांनी विचारलं.

"कायदा पाळीन म्हणेन."

"ते तर आमच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा म्हणायचा."

घरातही त्यानं शिस्त लावली होती. जेवणाच्या टेबलावर इलेक्शन नाही, पुढे जज्ज झाल्यावर कोर्ट नाही. शिस्त चांगलीच होती. तिचा परिणाम एवढाच झाला की एक साधी गोष्ट अक्काला सांगायची राहून गेली. गुरुनाथला वाटलं सुनेत्रानं सांगितली असेल. सुनेत्राला वाटलं, यांची बहीण, हे वकील, यांनी सांगितली असेल. मंडळाला वाटलं, जज्जाच्या घरात कोण सांगायला जाणार.

अक्का तीस वर्षं शाळेत होती म्हणजे तीस वर्षं निवडणुकीच्या कामावरही होती. प्रत्येक निवडणुकीला केंद्रावर बसायची, लोकांच्या बोटाला शाई लावायची. सत्तावन्न सालापासून तिचं स्वतःचं एक मत चुकलं नव्हतं. तिच्या डोक्यातला हिशेब सरळ होता: यादी सरकार करतं, नाव यादीत असलं तर हक्क आहे, नसलं तर घरी जा. कॉन्सुलेटमध्ये हात वर करून शपथ घेतली तेव्हाच आपण इकडच्या झालो, असं ती धरून चालली होती. बारा वर्षांची रांग, ठसे, छातीचा फोटो. याच्यावर आणखी काय उरणार?

शेजारी डॉरथी नावाची विधवा म्हातारी होती. तिची आणि अक्काची मैत्री भाषेवाचून चालायची. इकडून लोणचं जायचं, तिकडून रुबार्बचा मुरांबा यायचा. निवडणुकीच्या दिवशी गुरुनाथ आणि सुनेत्रा सकाळीच मत देऊन बाहेर पडले. दुपारी डॉरथी कोट घालून निघाली, तिनं अक्काला खुणेनं विचारलं, आणि दोघी हातात हात घालून कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये गेल्या; मतदानाचं केंद्र तिथंच होतं. यादीत अक्काचं नाव नव्हतं. ती परत फिरणार, तेवढ्यात टेबलावरच्या बाईंनी एक फॉर्म पुढे केला. तिकडे त्याच दिवशी नाव घालता येतं. अक्कानं आपलं राज्याचं ओळखपत्र दाखवलं, इंग्रजी अक्षरं जुळवत नाव-पत्ता लिहिला, आणि जिथे जिथे दोन चौकोन होते तिथे तिथे पहिल्यात खूण केली. त्यातला एक चौकोन विचारत होता, तुम्ही अमेरिकेच्या नागरिक आहात का? खाली सही. ती तिनं मराठीत केली, ठसठशीत. बाईंनी नाव यादीत घातलं. म्हणजे झालंच की, हक्क आहे. शाई कुठं लावतात म्हणून तिनं बोट पुढे केलं, तर हातात 'मी मत दिलं' असं छापलेलं लाल स्टिकर मिळालं.

घरी येऊन ते तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आणि कोणाला सांगितलं नाही. इलेक्शनचा विषय काढायचा नव्हता ना.

गुरुनाथ तीन हजार चारशे मतांनी निवडून आला. अक्काच्या मतावाचून काही अडलं नव्हतं.

जज्ज म्हणून तो चांगला होता, हे त्याच्या कोर्टातला शिपाईही सांगेल. आरोपीचं नाव नीट उच्चारायचा. स्वतःच्या नावाचे तीस वर्षं हाल झालेले. दर बुधवारी सुनेत्राची ड्यूटी कोर्टाजवळच्या फार्मसीत असायची. ती अक्काला सोडायची आणि अक्का दुपारपर्यंत पहिल्या बाकावर बसून, काळ्या झग्यातल्या भावाकडे बघत राहायची. इंग्रजी फारसं कळायचं नाही. "कळायला कशाला हवं," म्हणायची, "मी कुठं आरोपी आहे?"

दोन हजार सातच्या जानेवारीतला एक बुधवार. गुरुनाथसमोर एक म्हातारे सरदारजी उभे होते, पेट्रोलपंपावर रात्रपाळी करणारे. ग्रीनकार्डवर होते. आदल्या वर्षीच्या गावच्या निवडणुकीत मालकाबरोबर गेले आणि मत देऊन आले, नागरिक नसताना. पंजाबी दुभाषी मिळाला नाही म्हणून हिंदीवर भागवलं होतं, आणि सरदारजींना ऐकू कमी येत असल्यामुळे दुभाषी मोठमोठ्यानं बोलत होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच अक्काला खटल्यातला शब्द न् शब्द कळला.

सरदारजी म्हणाले, गुन्हा कबूल आहे. मालक म्हणाला, तुम्हीही इथलेच, चला. कागद पुढे आला, सही केली. मला वाटलं, कागद देतायत म्हणजे मत द्यायचंच असेल.

गुरुनाथ सौम्यपणे, पण स्पष्ट म्हणाला, "सही करण्याआधी कागद वाचणं, समजला नाही तर विचारणं, ही सही करणाऱ्याची जबाबदारी असते." दुभाष्यानं ते हिंदीत ओरडून सांगितलं. शिक्षेसाठी मार्चमधली तारीख पडली.

संध्याकाळी सहाला गुरुनाथ घरी आला तेव्हा ओट्यावर पीठ तसंच पडलं होतं आणि अक्का खुर्चीवर बसून होती. टेबलावर तिच्या नागरिकत्वाचा कोरा अर्ज होता. ग्रीनकार्डाची पाच वर्षं भरली की तो करता येतो; ती भरत आली होती, म्हणून त्यानंच आणून ठेवलेला.

"गुरू, मी पण दिलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"मत. तुला. डॉरथीबरोबर जाऊन."

त्यानं कोट काढला नव्हता. त्याच्यातला वकील आधी बोलला. "फॉर्मवर सही केलीस?"

"मराठीत केली," अक्का म्हणाली. जणू तेवढ्यानं गुन्हा कमी होईल.

सुनेत्रा आली, तिनं सगळं ऐकलं आणि सरळ निकाल दिला: नागरिकत्वाचा अर्ज फाडून टाका, म्हणजे त्यातला 'कधी मत दिलंय का' हा प्रश्नच येत नाही. ग्रीनकार्डवर मरेपर्यंत राहता येतं. एवढ्या मोठ्या काउंटीत एक कागद कुठल्या खोक्यात पडलाय, कोण बघणार? इमिग्रेशनचा वकील विवेक, मंडळातलाच, घरच्यासारखा मुलगा, त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "काका, काकू बरोबर सांगतायत. गप्प राहा, आणि अक्कांना विमानात बसवू नका. परत येताना बॉर्डरवर विचारलं तर पंचाईत."

गुरुनाथ हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. चूक त्याची काही असेल तर ती हीच. आठ-दहा दिवस तो जेवायला बसायचा, ताटातलं संपवायचा, उठायचा. त्याला काय वाटत होतं ते त्याचं त्यालाही धड सांगता आलं नसतं. ज्या बाईनं आपल्याला अक्षरं गिरवायला शिकवली तिला आपण विचारलं, सही केलीस? अक्का मात्र ते गप्प राहणं वर्गातल्या पोराचं तोंड वाचावं तसं वाचत होती, आणि तिनं त्याचा वेगळा अर्थ लावला: आपण त्याच्या खुर्चीला ओझं झालो.

सरदारजींची शिक्षा त्यानं सुनावली नाही. खटला दुसऱ्या जज्जाकडे सोपवला. कारण लिहावं लागत नाही, लिहिलं नाही. दुसऱ्या जज्जानं तुरुंगही दिला नाही, नुसती देखरेख. पण इमिग्रेशनवाल्यांना तेवढं पुरलं. अक्का दर बुधवारी विचारायची, त्या सरदारजींचं काय झालं रे? कोर्टात जाणं तिनं बंद केलं होतं, पण विचारायची. मे महिन्यात त्याला सांगावं लागलं की त्यांना परत पाठवलं. मुलगा, सून, नातवंडं इथं. ते एकटे जालंधरकडे.

अक्कानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बॅग काढली.

"गुरू, त्यांना एक आणि मला एक, असं नाही चालायचं," ती म्हणाली. "तू नाही म्हणणार, ते मला माहीत आहे. म्हणून मी विचारत नाहीये."

"अक्का, तुला कोणी काही केलेलं नाही. कोणी करणारही नाही."

"तेच तर. मी इथं ओट्याशी उभी राहीन आणि तू तिथं बसून कोणाला तरी सांगशील, सही करण्याआधी वाचायचं असतं. घरी येऊन माझ्या हातची भाकरी खाशील. किती दिवस जमेल तुला?"

त्यानं बॅग बाजूला सारली. तिनं ती परत पुढे ओढली.

"मी पोरांना तीस वर्षं हेच सांगितलं, आधी वाच, मग लिही. माझीच चूक आहे. पण एक कर. तू ती खुर्ची सोडायची नाहीस. मी जातेय ती तेवढ्यासाठी. शब्द दे."

आणि त्यानं दिला. नको जाऊस म्हणाला नाही; शब्द दिला. पुढे सुनेत्रानं हे त्याला एकदाच ऐकवलं, पण ते एकदाही पुरेसं होतं.

जूनमध्ये अक्का परत गेली. मंडळानं शाल दिली, मनोहररावांनी थंडी सोसत नाही या विषयावर दहा मिनिटं भाषण केलं. मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये तिनं हिरवं कार्ड परत केलं तेव्हा कारणाच्या रकान्यात तिनंही थंडीच लिहिली. सोलापुरात जुन्या एका विद्यार्थ्यानं आपल्या घरामागच्या दोन खोल्या तिला दिल्या. डॉरथी दोन-तीनदा दारात येऊन उभी राहिली, मुरांब्याची बाटली घेऊन. सुनेत्रानं ती घेतली. मुरांबा खाल्ला कोणी नाही.

गुरुनाथनं शब्द पाळायचा खरंच प्रयत्न केला. वर्षभर तो झगा चढवून बसला. पण माणसं येत राहायची, आणि त्यांतली निम्मी तेच म्हणायची: साहेब, मला माहीत नव्हतं. पूर्वी तो या वाक्याला उत्तर द्यायचा. आता त्याला उत्तर सुचेना. वकील वाट बघत उभे राहायचे, कारकून मान वर करून बघायची, आणि जज्ज कागद उलटेपालटे करत राहायचे. एका बाईला शिक्षा सुनावताना तो मध्येच थांबला आणि पाच मिनिटांची म्हणून सुट्टी घेतली ती तासाभराची झाली. दोन हजार आठच्या जूनमध्ये त्यानं गव्हर्नरला दोन ओळींचं पत्र लिहिलं. लोकांनी हार्ट, फ्लोरिडा वगैरे सुरू केलं ते तेव्हापासून.

दर रविवारी सोलापूरला फोन असायचा. "काय म्हणतंय कोर्ट?" अक्का विचारायची. पहिल्या रविवारी सांगायचं म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ती म्हणाली, "परवा शाळेतली माणसं आली होती. म्हणाली, बाई, तुम्ही का आलात तिकडून? मी म्हटलं, तिथं काय, भाऊ कामात असतो. मोठं काम आहे त्याचं." मग तो म्हणाला, कोर्ट बरं आहे.

नोव्हेंबरात तो सोलापूरला गेला. अक्का खूप वाळली होती, पण कडक भाकरी आणि शेंगांची चटणी तिनं स्वतः केली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला बसवून सांगत होती, हा माझा भाऊ, अमेरिकेत जज्ज आहे. लोक वाकून नमस्कार करत होते. गुरुनाथ हात जोडत होता. त्याच्या कोर्टात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तो वकिलाला थांबवायचा. इथं रोज चार-पाच माणसांसमोर तो निमूट बसून राहायचा.

"सुट्टी किती दिवसांची?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

त्यानं खरं सांगितलं असतं तर ती उगीचच परत आली असं झालं असतं. "तीन आठवड्यांची," तो म्हणाला.

मग तीन आठवडे झाले. सुनेत्रानं फोनवर सांगितलं, राहा की, इथं काय आहे? त्यालाही राहायचं होतं. पाहिजे तर वर्षभर, ती असेपर्यंत. पण एकविसाव्या दिवशी सकाळी अक्कानं त्याची बॅग दारात आणून ठेवली होती, चटणीच्या पिशव्या कपड्यांच्या घड्यांत नीट दाबून.

"अजून आठवडाभर थांबू का?" त्यानं विचारलं.

"वेडा आहेस का," अक्का म्हणाली. "तिथं माणसं खोळंबली असतील तुझ्यासाठी."

तो वाकून पाया पडला आणि रिक्षात बसला. ईडन प्रेरीला पोचला तेव्हा पहिला बर्फ पडून गेला होता. सुनेत्रा कामावर होती. त्यानं बॅग आत ठेवली, आणि कोट न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून राहिला.